मे महिन्यातलं पाणी मोजा, मग टाकीचं माप घ्या

लातूरहून पंचेचाळिशीतल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. २०१६ पर्यंत त्यांच्या घरी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी माशांची टाकी होती. दर पंधरा दिवसांनी त्या ती पूर्ण रिकामी करत, खडी चोळून धूत आणि नवं पाणी भरत. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात त्यांनी टाकी धुऊन टँकरचं पाणी भरलं आणि दोन दिवसांत सगळे मासे गेले. टाकी गच्चीवर गेली ती गेलीच. आता नवं घर झालंय, तळमजल्याला मोठा हॉल आहे. ६ बाय २ बाय २ फुटांची टाकी करून त्यात डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि आफ्रिकेचे रंगीत सिक्लिड ठेवावेत असं मनात आहे. बोअरचं पाणी जड, म्हणून मोठा आरओ बसवा, असं दुकानदार सांगतो. सासूबाई म्हणतात, “माणसं घागरीसाठी रात्र रात्र जागली त्या गावात माशांना पाणी?” त्यांचं म्हणणं आपल्याला चुकीचंही वाटत नाही, असं त्या लिहितात आणि विचारतात : हौस सोडून द्यावी का?

ताई,

सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर आकड्यांनीच द्यायला हवं, म्हणून आधी जुन्या टाकीचा हिशेब करू. तुमची चार फुटी टाकी म्हणजे ९ घनफूट, काठोकाठ २५५ लिटर, रोजच्या वापरात सव्वादोनशे. महिन्यातून दोनदा रिकामी केली की साडेचारशे लिटर, त्यात खडी खळबळायला दर वेळी दोन-तीन बादल्या. म्हणजे महिन्याला पाचशे लिटरच्या वर पाणी जात होतं, आणि ते मासे खात नव्हते, धुणं खात होतं. पुढे सुचवली आहे ती पाच फुटी टाकी नीट चालवली, तर आठवड्याला ९० लिटर, महिन्याला ३६० लिटरमध्ये भागते. टाकी मोठी म्हणजे पाणी जास्त, हे गृहीतक इथेच सोडून द्या. पाण्याचा खर्च ठरतो माशांच्या संख्येवर, त्यांना किती खाऊ घालता यावर आणि टाकी सांभाळायच्या पद्धतीवर.

ते मासे कशानं गेले, याचंही उत्तर बहुधा त्याच धुण्यात आहे. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन माशांना विष, तिसरं पुष्कळ सौम्य. खडी चोळून नळाखाली धुतली की हे जिवाणू वाहून जातात, टाकी दर पंधरवड्याला पहिल्या दिवसावर येते. त्यात टँकरचं पाणी म्हणजे त्यात ब्लीचिंग पावडर किती पडली याचा भरवसा नाही. क्लोरिन माशांचे कल्ले जाळतो आणि उरलेसुरले जिवाणूही मारतो. शिवाय आपल्याकडचं पाणी अल्कधर्मी आणि एप्रिलमध्ये गरम. पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी, याचं माप) ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम पाऊण टक्का विषारी रूपात असतो, तर पीएच ८.२ आणि २८ अंशाला सुमारे १० टक्के. तेवढाच अमोनिया, पण विष चौदापट. मासे दुष्काळानं गेले असं तुम्ही दहा वर्षं मनाला लावून घेतलंत. ते कारण काढून टाका, कारण ही चूक टाळता येते.

आता जड पाणी. सिक्लिड हे मोठं कूळ आहे. धरणांतून बाजारात येणारा चिलापी त्याच कुळातला, आणि तो आपल्या जड पाण्यात कसा फोफावतो ते कोणत्याही कोळ्याला विचारा. सिक्लिडांत ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले मासे आहेत, तसे पूर्व आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका सरोवरांच्या अल्कधर्मी पाण्यातलेही आहेत. मलावीचा पीएच साधारण ७.८ ते ८.६, टांगानिकाचा ९ च्या आसपास. बसॉल्टमधून झिरपून आलेलं आपलं बोअरचं पाणी या माशांना जवळचं आहे. डिस्कसला मात्र मऊ पाणी आणि २८ ते ३० अंश लागतात. त्यासाठी आरओ लावलात तर एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जाईल. आठवड्याला शंभर लिटर गोड पाणी हवं तर दोन-तीनशे लिटर वाया. लातुरात हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्याला जुळणारा मासा आणा, माशासाठी पाणी बदलत बसू नका.

तरी अंदाजावर चालू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. अहवालात तीन आकडे पाहा. एकूण जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर टाकीत जन्मलेल्या मलावी माशांना चालतो. क्षारता (अल्कलिनिटी) चांगली असेल तर पीएच स्थिर राहतो. तिसरा आकडा नायट्रेट, आणि तो लोक पाहतच नाहीत. शेतीच्या भागात बोअरमध्येच नायट्रेट असतं. ते पिण्याच्या पाण्याच्या ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेला टेकलेलं असेल, तर कितीही पाणी बदला, टाकीतलं नायट्रेट त्याखाली येणार नाही. मग नळाचं पाणी निम्मं मिसळावं लागेल. घरी पीएच मोजताना बोअरचं पाणी बादलीत घेऊन रात्रभर हवा सोडा आणि सकाळी मोजा. ताज्या उपशात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे पीएच खोटा, कमी दिसतो.

तुम्ही लिहिलेले चारही प्रकार एका टाकीत नांदणार नाहीत. फ्लॉवरहॉर्न हा संकरित मासा, एकटाच ठेवायचा. ऑस्कर फूटभर वाढतो, घाण भरपूर करतो, आणि लहान मासा तोंडात मावला की गिळतो. ऑस्करवर जीव असेल तर पाच फुटी टाकीत दोनच ठेवा, पण पाणी जास्त बदलावं लागेल हे धरून चाला. माझा कौल मलावीच्या खडकांत राहणाऱ्या छोट्या, सौम्य माशांना. आठ येलो लॅब आणि आठ रस्टी, चार इंचांच्या आतबाहेरचे सोळा मासे. एका नरामागे तीन माद्या पडल्या तर उत्तम. पिल्लांत ते ओळखता येत नाही, म्हणून मोठी झाल्यावर जादा नर काढून देण्याची तयारी ठेवा. हे मासे दाटीवाटीनं ठेवले की मारामारी विभागली जाते, असं सांगून तीस-चाळीस मासे गळ्यात मारले जातात. त्यात तथ्य आहे, पण त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. म्हणून भांडकुदळ जातीच नकोत. ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून मिळणाऱ्या पिशवीत पिवळ्यावर काळ्या आडव्या पट्ट्यांची देखणी पिल्लं असतात, ती बहुतेकदा ऑराटस. त्यातला नर मोठा होऊन काळा पडला की टाकीत दुसऱ्याला जगू देत नाही. जातीचं नाव विचारून, एकाच जातीची पिल्लं घ्या.

ज्यांच्याकडे एवढी जागा किंवा पाणी नाही, त्यांनी टांगानिकाचे शंखात राहणारे इंच-दीड इंचाचे मल्टी पाहावेत. दोन फुटी, ६० लिटरची टाकी, वाळू आणि वीस-पंचवीस रिकामे शंख, आठवड्याला १५ लिटर पाणी. शंख सोयाबीनच्या बांधावरचे उचलू नका, तिथे गोगलगायींसाठी विषारी आमिष टाकलेलं असतं.

मापाकडे येऊ. ६ बाय २ बाय २ ची टाकी दगड-वाळू, स्टँड धरून टनाच्या आसपास जाते आणि आठवड्याला दीडशे लिटरच्या वर पाणी मागते. तुम्ही ५ फूट लांब, २ फूट रुंद आणि २० इंच उंच करा. या माशांना उंचीपेक्षा तळाचा विस्तार हवा, आणि उंची कमी केली की काचेवरचा दाबही कमी होतो. प्रत्यक्ष पाणी साधारण ३६० लिटर बसेल. काच १२ मिलिमीटर, वरून चारही बाजूंना ३ इंची पट्टी चिकटवलेली. सिलिकॉन ॲसिटिक प्रकारचा, बुरशीनाशक नसलेला. चिकटवल्यावर आठवडाभर पाणी घालू नका. मग अंगणात भरून दोन दिवस गळती पाहा आणि ते पाणी झाडांना द्या.

स्टँड, सम्प (मुख्य टाकीखाली ठेवायची फिल्टरची छोटी टाकी) धरून सगळं वजन सातशे-साडेसातशे किलो होईल. तळमजला आहे हे चांगलं, पण घर नवं आणि जमीन काळी. जोत्यातला भराव पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत बसतो, फरशी एका कोपऱ्यात खचते आणि टाकीची काच पिळली जाऊन तडकते. म्हणून स्टँड सहा सुट्या पायांवर उभा करू नका. खाली पूर्ण चौकट घ्या, म्हणजे वजन पसरेल. दीड इंची चौकोनी लोखंडी पाइप, २ मिलिमीटर जाडीचा, सहा उभे खांब, रेडऑक्साइड मारून रंग. वर १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, त्यावर अर्धा इंच थर्माकोल, मग टाकी. लांबीत आणि रुंदीत पाणसळ लावा. टाकी अर्धी भरल्यावर पुन्हा लावा, आणि पहिला पावसाळा सरल्यावर परत एकदा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वाचकांनी इंजिनिअरला विचारल्याशिवाय एवढी टाकी ठेवू नये. घरगुती स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून काढलेला असतो, आणि ही टाकी त्याच्या तिप्पट-चौपट भार टाकते.

दगड काळा बसॉल्टच वापरा. विहिरीच्या खोदकामातला, ब्रशनं घासलेला, साबण न लावलेला. मधूनमधून शहाबादी फरशीचे तुकडे टेकवले की छान कपारी होतात. शहाबादी चुनखडीची असते, जडपणा थोडा वाढवते, मलावी माशांना ते चालतं. क्रम महत्त्वाचा : आधी तळाला पातळ फोम, त्यावर दगड पक्के बसवायचे, आणि वाळू सगळ्यात शेवटी, दीड इंचाची. हे मासे वाळू उकरतात. दगड वाळूवर ठेवला असेल तर खालची वाळू निघून जाते आणि एके रात्री तो काचेवर येतो.

फिल्टरला कॅनिस्टरऐवजी, म्हणजे बंद डब्याच्या फिल्टरऐवजी, खालचा सम्प घ्या, असं मी म्हणेन. वीज गेली की बंद डब्यातलं पाणी कोंडतं, प्राणवायू संपतो, काही तासांत जिवाणू मरू लागतात आणि वीज आल्यावर तेच कुजलेलं पाणी टाकीत ओतलं जातं. सम्प उघडा असतो, तिथे एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड सोडता येतो. ३ फूट लांब आणि १५ इंच रुंद-उंच अशी सम्पची टाकी, तिच्यात पहिला कप्पा स्पंजचा, दुसरा सिरॅमिक रिंगांचा किंवा भांडी घासायच्या नव्या कोऱ्या प्लॅस्टिक जाळ्यांचा, तिसरा पंपाचा. पंपावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. चार-पाच फूट वर चढवताना तो निम्म्यावर येतो, म्हणून तासाला सव्वादोन हजार लिटर प्रत्यक्षात हवे असतील तर चार हजार लिटरचा घ्या.

सम्पमध्ये लोक हमखास चुकतात ते इथे : वीज गेली की परतीच्या पाइपातून टाकीतलं पाणी उलटं खाली ओढलं जातं. तुमच्या टाकीची पातळी एक सेंटिमीटर उतरली की जवळजवळ ९ लिटर खाली येतात. तीन सेंटिमीटर उतरली तर २७ लिटर, आणि पाइपांतलं वेगळं. म्हणून परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या अगदी खाली एक छोटं भोक पाडा. पातळी तिथवर आली की हवा शिरून ओढ तुटते. सम्प ८५ लिटरच्या खुणेवर थांबवा, वरचे ४०-४५ लिटर मोकळे राहू द्या. मग स्वतः स्विच बंद करून पाच-सहा वेळा पाहा. भोकात शेवाळ धरतं, महिन्यातून एकदा काडी घाला. इन्व्हर्टरवर निदान एअर पंप जोडाच. तो पाच-दहा वॉटचा, बॅटरीला जाणवतही नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल तर मोठे पंप गुरगुरतात आणि तापतात. सगळं धरून महिन्याला चाळीसेक युनिट वीज लागेल, हिवाळ्यात हीटरची वेगळी. हीटर ४०० वॉटचा एक घेण्यापेक्षा २०० चे दोन घ्या. एखादा चालू स्थितीत अडकला तरी टाकी उकडणार नाही.

मासे आणायच्या आधी टाकी सायकल करायची, म्हणजे जिवाणू वसवायचे. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया द्यायला अमोनियम क्लोराइड घ्या. हा नवसागरच, पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात भेसळ असते. प्रयोगशाळेच्या दर्जाचा हवा. ३६० लिटरला सव्वादोन ग्रॅम टाकला की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅमच्या) आसपास येतो. थेंबांच्या किटनं दोन दिवसांआड मोजा. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग नायट्राइट उतरून नायट्रेट दिसेल. सव्वादोन ग्रॅमचा नवा डोस चोवीस तासांत दोन्ही आकड्यांवर शून्य झाला की टाकी तयार. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर निम्मा वेळ वाचतो. शेवटी अर्धं पाणी बदलून नायट्रेट खाली आणा.

सुरुवात गणपतीच्या सुमारास करा, मासे दिवाळीनंतर आणा. थंडीत रात्रीच्या प्रवासात पिशवी तापत नाही, आणि पहिल्या मे महिन्यात मासे अजून अर्धेच वाढलेले असतात. पुण्या-मुंबईहून दहा-बारा तासांनी आलेली पिशवी उघडून त्यात थेंबथेंब पाणी सोडत तासभर बसू नका. पिशवी बंद असताना साचलेल्या कार्बन डायऑक्साइडनं पीएच उतरलेला असतो, म्हणून आतला अमोनिया सौम्य असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगवा, मग मासे जाळीत घेऊन आत सोडा, पिशवीतलं पाणी बाहेर.

खायला स्पिरुलिनाचे दाणे, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपतील एवढे. उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, साल काढलेला मटार. ट्यूबिफेक्स आणि लाल अळ्या नकोत. दगडावरचं शेवाळ खरवडून खाणाऱ्या माशांचं आतडं लांब असतं, मांसल खाण्यानं पोट फुगून ते मरू शकतात. एखादी येलो लॅब खाणं सोडून कोपऱ्यात उभी दिसली आणि तिचा गळा पिशवीसारखा फुगलेला असला, तर घाबरू नका. तोंडात अंडी आहेत, तीन आठवड्यांनी पिल्लं सोडेल. जीव तुटेल, पण सगळी पिल्लं वाचवायला जाऊ नका. प्रत्येक वाढीव मासा मे महिन्यात पाणी मागणार आहे.

तर मे महिना. पाणी ३० अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशांना लागतो जास्त. झाकण काढून जाळी टाका, पृष्ठभागावर १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे तिरपे लावा. आपली हवा कोरडी, त्यामुळे दोन ते चार अंश सहज उतरतात. पण रोज पाच ते आठ लिटर पाणी उडतं, आणि क्षार मागेच राहतात. ही तूट बोअरच्या पाण्यानं भरलीत तर टाकी आठवड्यागणिक जड होत जाईल. ती स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्यानं किंवा पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस सोडून साठवलेल्या पागोळीच्या पाण्यानं भरा. मे महिन्याची गरज अशी ५५०-६०० लिटर होते, आणि तेवढं पाणी तुमच्याकडे आहे का, हे आत्ताच पाहा. नसेल तर चार फुटी टाकी आणि आठ मासे ठेवा.

नळ दहा-बारा दिवसांआड येऊ लागला की खाणं एक दिवसाआड करा, आठवड्याचा पाणीबदल पाव टाकीवरून १५ टक्क्यांवर आणा. सम्पमध्ये मनी प्लांटच्या फांद्या मुळं बुडवून ठेवा, त्या नायट्रेट शोषतात. नळाचं किंवा टँकरचं पाणी असेल तर शंभर लिटरला दीड ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेटचे खडे) घाला. एवढा दोन पीपीएम क्लोरिन मोडतो. मासे देऊन टाकायचीच वेळ आली तर दुसऱ्या शौकिनाला द्या, मांजरा धरणात किंवा विहिरीत सोडू नका. टाक्यांतून सोडलेला सकर मासा आज उजनीच्या जाळ्यांत कसा निघतो, ते तिथल्या कोळ्यांना विचारावं.

सासूबाईंशी वाद जिंकायला जाऊ नका. २०१६ त्यांनी पाहिलंय. त्यांच्यासमोर ड्रम ठेवा, ९० लिटरवर खूण करा, आठवड्याचं पाणी एवढंच असं सांगा. स्पंज धुवायचा तो काढलेल्या टाकीच्या पाण्यातच, नळाखाली कधीच नाही. आणि काढलेलं पाणी मोरीत जाता कामा नये. त्यात नायट्रेट असतं, झाडांना ते खतासारखं लागू पडतं. एरवी कुंड्यांना जे नळाचं पाणी घालता ते तेवढं वाचतं. मीठ किंवा औषध घातलेलं असेल त्या आठवड्याचं मात्र झाडांना देऊ नका. पाणी काढायचा पाइप अर्धा इंची घ्या, आणि हॉलपासून तुळशीवृंदावनापर्यंत पोचेल एवढा लांब घ्या.